बांधावर, सभेंत व कचेरींत बोलावें कसें?

नांगरट, बियाणें, खत, पाणी व बाजार यांचा विचार या मासिकांतून वारंवार होत असतो. परंतु ज्या एका साधनावांचून शेतकऱ्याचें कोणतेंच काम पुरें होत नाहीं, त्या साधनाची मशागत आपण क्वचितच करतों. तें साधन म्हणजे बोलणें. बांधाची खूण सरकली, चारीचें पाणी वरच्यावर तुटलें, सोसायटीच्या हिशेबांत तूट दिसली किंवा फेरफाराची नोंद अडली, म्हणजे मनुष्यास कोणाशीं तरी बोलावेंच लागतें. आणि तें बोलणें कसें झालें यावर पुढील काम सहा दिवसांत होतें कीं सहा वर्षें लांबतें, हें पुष्कळदां ठरतें. बोलणाऱ्याचीं बोरें विकतात व न बोलणाऱ्याचे गहूंहि विकत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण मोठ्यानें ओरडणाऱ्याचीं बोरें विकतात, असा तिचा अर्थ नव्हे.

महसूल खात्याच्या नोकरींत जे तंट्याचे कागद आमच्या हातांखालून गेले, त्यांवरून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसली. बहुतेक प्रकरणांत मूळ वाद लहान असे. दोन हात रुंदीच्या पट्टीचा, एका बाभळीचा, किंवा बैलगाडीच्या वाटेचा. परंतु अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदापासून जमिनीची हकीकत संपून 'भर चावडींत मला अमुक बोलला' ही हकीकत सुरू होई. पट्टीची मोजणी होऊं शकते. अपमानाची मोजणी करणारी सांखळी कोणत्याहि कचेरींत नाहीं. म्हणून अशा प्रसंगीं कसें बोलावें यासंबंधीं कांहीं अनुभवसिद्ध विचार आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बोलण्यापूर्वींची तयारी

अवघड बोलण्यास निघण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें मनाशीं, व शक्य तर कागदावर, निश्चित करावीं. प्रत्यक्ष काय घडलें? आपणांस नेमकें काय हवें? आणि जें हवें तें देणें समोरच्या माणसाच्या हातांत आहे काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतांना पाहिलेलें व ताडलेलें यांची फार सरमिसळ होते. 'रात्रीं दोन वाजतां माझ्या शेतांत येणारें पाणी बंद झालें' हें पाहिलेलें आहे. 'तुम्हीं मुद्दाम माझें पाणी तोडलें' हा तर्क आहे. पहिलें वाक्य कोणी सहसा नाकारूं शकत नाहीं. दुसरें वाक्य ऐकतांच मनुष्य, दोषी असो वा नसो, स्वतःचा बचाव करूं लागतो, आणि पाण्याचा विषय तेथेंच राहातो.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत यावें. 'मला न्याय पाहिजे' हें उत्तर नव्हे. 'माझी बुडालेली चार तासांची पाळी या आवर्तनांत भरून मिळावी' हें उत्तर होय. तिसरा प्रश्न तर बहुतेकांना सुचतच नाहीं. पाटकऱ्यास पाळीपत्रक बदलण्याचा अधिकार नसतो, कारकुनास निकाल देण्याचा नसतो, आणि सोसायटीच्या सचिवास कर्जाची मर्यादा वाढविण्याचा नसतो. ज्याच्या हातांत गोष्ट नाहीं त्याच्यावर आवाज चढविल्यानें काम होत नाहीं, उलट उद्यां साह्य करणारा एक मनुष्य मात्र दुरावतो.

स्थळ व काळ यांकडेहि लक्ष द्यावें. आठवड्याच्या बाजारांत, लग्नाच्या मांडवांत किंवा समोरच्याच्या जांवयादेखत तक्रार काढूं नये. चारचौघांत लावलेला दोष मनुष्य मान्य करीत नाहीं. एकांतांत तोच दोष तो पुष्कळदां आपण होऊन कबूल करतो. रात्रभर दारें धरून आलेल्या माणसाशीं पहांटे हुज्जत घालणें हेंहि तसेंच व्यर्थ होय. त्याची झोंप होऊं द्यावी, आपलाहि राग निवूं द्यावा, आणि मग जावें.

बांधाचा तंटा

बांधाचा तंटा बहुधा नांगरटीच्या वेळीं उद्भवतो. ट्रॅक्टर भाड्याचा, चालक परगांवचा. त्यास खुणा ठाऊक नसतात. त्यानें एक तास अधिक घेतलें कीं मालकानें मुद्दाम बांध कोरला असा बोभाटा होतो. अशा वेळीं पहिलें बोलणें प्रश्नरूप असावें. 'नाना, परवां नांगरट झाली तेव्हां तुम्ही शेतावर होतां काय? खालच्या कोपऱ्यांतला दगड दिसत नाहीं. आपण दोघे मिळून पाहूं या काय?' या बोलण्यांत आरोप नाहीं, परंतु गोष्ट सोडून दिली असेंहि नाहीं. नानांकडून चूक झाली असेल, तर मान न गमावतां दगड जागेवर लावण्याची वाट त्यांना मोकळी राहिली. समोरच्यास परतण्याची वाट ठेवणें हें अवघड बोलण्याचें पहिलें सूत्र होय.

एकमत न झाल्यास भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी आणावी. परंतु खर्च कोणीं किती सोसावयाचा आणि निघेल ती हद्द दोघांनीं मानावयाची, हें मोजणीपूर्वींच दोन साक्षीदारांसमक्ष बोलून घ्यावें. मोजणी झाल्यावर ती मानावी कीं नाहीं याचा वाद घालणें म्हणजे नाणें खालीं पडल्यावर छापा कोणाचा हें ठरवूं लागण्यासारखें आहे.

वाट अडविली गेली असतां सलोख्याचें बोलणें अवश्य करावें, पण मुदतीकडे डोळेझांक करूं नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें वहिवाटीच्या रस्त्यांतील किंवा पाण्याच्या प्रवाहांतील अडथळा दूर करण्याचा दावा तहसीलदारापुढें चालतो; मात्र तो अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आंत दाखल व्हावा लागतो. शेतास मुळींच रस्ता नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणें बांधावरून रस्ता मागतां येतो. 'बघूं, दिवाळी होऊं द्या. बघूं, सुगी होऊं द्या' असें गोड बोलून सहा महिने घालविणारे शेजारीहि असतात. म्हणून प्रारंभींच सांगावें, 'काका, आपल्या घरोब्याखातर मी महिनाभर कचेरीची पायरी चढणार नाहीं. तोंवर मिटलें तर उत्तम. न मिटल्यास मला अर्ज करावा लागेल. तो केला म्हणजे वैर धरलें असें मात्र समजूं नका.' ही धमकी नव्हे. पुढें काय होणार हें आधीं सांगून टाकणें हाच प्रामाणिकपणा होय.

एकाची जमीन दुसऱ्याच्या व दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यांत, अशी अदलाबदल कित्येक गांवीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. असे तंटे मिटावे म्हणून महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं सलोखा योजना काढली. किमान १२ वर्षें असा परस्पर ताबा असल्यास अदलाबदलीच्या दस्तास मुद्रांक शुल्क १,००० रुपये व नोंदणी फी १,००० रुपये एवढीच तींत ठेवली. अशा योजनांस मुदत असते, म्हणून तहसील कचेरींत चौकशी करून मगच पुढें जावें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ही सवलत दोघांच्या संमतीवर उभी आहे. सरकारनें शुल्क कमी केलें तरी पहिला शब्द शेजाऱ्यानें शेजाऱ्याशीं बोलावयाचा असतो.

घरांतील बोलणें

वडील वारल्यावर वारसाच्या नोंदीच्या वेळीं बहिणीस 'येथें सही कर' असें सांगण्यांत येतें. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु वारसा कायद्यांत मुलीस मुलाप्रमाणेंच सहदायक मानलें आहे. तेव्हां हक्क सोडावयाचा कीं ठेवावयाचा हें तिनें ठरवावयाचें आहे. तिनें भांडूं नये, तसेंच दडपूनहि जाऊं नये. 'दादा, माहेर मला हवें आहे व तुझ्यावर माझा राग नाहीं. पण कागद वाचून व विचारून मगच मी सही करीन. आज करणार नाहीं.' एवढें तिनें सांगावें. पुन्हां आग्रह झाल्यास तेंच, त्याच आवाजांत, पुन्हां म्हणावें. नवीं नवीं कारणें देत बसूं नये. प्रत्येक नव्या कारणास नवें उत्तर तयार असतें, स्थिर शब्दास तें सांपडत नाहीं. आणि भावानेंहि समजावें कीं, जी बहीण आज विचारून सही करते ती उद्यां कोर्टांत 'मला फसविलें' असें म्हणत नाहीं.

पाण्याची पाळी

पाण्यावरून होणारीं भांडणें बोलण्याच्या कौशल्यापेक्षां आधीं ठरविलेल्या नियमानें अधिक टळतात. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर फार पूर्वींपासून चालत आलेली फड पद्धति या दृष्टीनें अभ्यासण्याजोगी आहे. नदीवर बंधारा, त्यांतून काढलेला पाट, आणि पाटाखालील क्षेत्राचे पाडलेले फड. एका फडांत एकाच प्रकारचें पीक. शेतास पाणी मालक स्वतः घेत नाहीं, तर लाभधारकांनीं नेमलेले पाटकरी व बारेकरी देतात. ज्याचें पीक सुकत आहे त्याच्या हातांत दार नाहीं, त्यामुळें भांडणाचें एक मोठें मूळच तुटतें. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं सुरू केलेल्या पाणी पंचायतीनें पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर अशा मानानें दिलें, आणि ऊंस वर्ज्य केला. नियम कठोर होता, पण तो आधीं सांगितलेला व सर्वांस सारखा होता. जो नियम हंगामापूर्वीं ठरतो त्याच्याविषयीं हंगामांत थोडेच शब्द खर्चावे लागतात.

तथापि नियम असूनहि प्रसंग येतातच. २००५ सालच्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस अधिकार दिले, आणि संचालक मंडळांत कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ या तीनहि भागांतील शेतकरी यावे अशी तरतूद केली. असें असतांहि शेवटच्या टोंकाचा शेतकरीच बहुधा कोरडा राहातो. समजा, त्याचा हरभरा घाटे भरण्याच्या अवस्थेंत आहे. सोमवारीं रात्रीं दहा ते दोन ही त्याची पाळी. आणि पाणी आलें बारा वाजतां. हें पाणी हुकलें तर दाणा बारीक राहाणार व वर्षाचें उत्पन्न घटणार, म्हणून त्याचा संताप स्वाभाविक आहे. पण त्यानें पाटकऱ्याकडे जाऊन असें म्हणावें: 'अण्णा, माझी पाळी दहाची होती, पाणी बारा वाजतां आलें. वहींत काय लिहिलें आहे तें दाखवाल काय?' पाटकरीहि रात्रभर जागलेला. तो फटकारील, 'मला काय सांगतां? वरच्यांना जाऊन सांगा!' येथेंच खरी परीक्षा असते. शब्दास शब्द न देतां म्हणावें, 'तुमचा दोष काढावयास आलों नाहीं. वरच्यांनीं दार उघडलें असेल तर तुम्हांसहि त्रासच झाला. घडलें तेवढेंच आपण दोघे समितीपुढें सांगूं. मला माझे दोन तास या आवर्तनांत हवे आहेत.' जो पाटकरी प्रतिपक्षी होणार होता तो अशानें साक्षीदार होतो.

सभेंतील बोलणें

सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांच्या आंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते. बरेच सभासद त्या दिवशीं अहवाल प्रथमच हातांत घेतात, आणि पांच मिनिटांत 'सगळें खाल्लें' अशी आरोळी उठते. आरोळीस उत्तर द्यावें लागत नाहीं, म्हणून संचालकांस ती सोईचीच असते. उत्तर द्यावें लागतें तें नेमक्या प्रश्नास. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ३२ प्रमाणें सभासदास संस्थेचे उपविधि, मागील तपासलेला ताळेबंद, सभांचीं इतिवृत्तें व स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहाण्याचा हक्क आहे. तो सभेपूर्वीं बजावावा आणि सभेंत उभें राहून म्हणावें: 'अध्यक्ष महाराज, खतविक्रीच्या खात्यांत गतवर्षीं नफा होता, यंदा तूट दाखविली आहे. ती कोणत्या कारणानें आली? उत्तर इतिवृत्तांत नमूद व्हावें.' एक प्रश्न, एक मागणी. आणि मग खालीं बसावें. तीन प्रश्न एकदम विचारले असतां वक्ता त्यांतील सोपा तेवढा उचलतो.

अध्यक्षाचें काम याहून अवघड. त्यानें चार गोष्टी पाळाव्या. विषयपत्रिकेवरील एका वेळीं एकच विषय चालूं द्यावा. कोणी रागानें बोलला तर त्याच्या रागास उत्तर न देतां त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत पुन्हां मांडावा: 'आपलें म्हणणें असें कीं, वजनांत घट धरली ती जास्त धरली, बरोबर ना?' आपलें म्हणणें ऐकलें गेलें अशी खात्री पटली म्हणजे आवाज आपोआप उतरतो. नेहमीं बोलणाऱ्यांस थांबवून मागें बसलेल्यांस, विशेषतः स्त्रियांस, नांव घेऊन विचारावें. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यांत आहे, तिचें कारण हेंच कीं मोठ्या सभेंत त्यांचा शब्द दबतो. आणि शेवटीं, लिहिलेला ठराव सभा उठण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून दाखवावा. ठराव एक व लिहिला दुसरा, यावरून जितकीं वर्षानुवर्षांचीं वैरें आम्हीं पाहिलीं तितकीं शिव्यांवरूनहि पाहिलीं नाहींत.

या बाबतींत गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांतल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवाचें उदाहरण घ्यावें. तेथील ग्रामसभेचे निर्णय बहुमतानें नव्हे तर सर्वसहमतीनें होतात. आणि त्याकरितां गांवांत अभ्यासगट चालतात. अभ्यासगटांत विषयाची माहिती घ्यावयाची व चर्चा करावयाची, निर्णय करावयाचा नाहीं, निर्णय ग्रामसभेंत. या गांवास २००९ सालीं वनहक्क कायद्याखालीं सामूहिक वनहक्क मिळाला. चर्चेची बैठक व निर्णयाची बैठक वेगळी ठेवणें हा साधा उपाय आपल्या सोसायट्यांनींहि करून पाहावा. ज्यास आज लगेच हात वर करावयाचा नाहीं तो मनुष्य दुसऱ्याचें म्हणणें ऐकूं शकतो. ज्यास करावयाचा आहे तो फक्त आपली बाजू मोजीत असतो.

कचेरींतील बोलणें

कचेरींत शेतकऱ्याच्या दोन चुका होतात. एक तर तो हात जोडून सर्व जन्माची कथा सांगतो, किंवा संतापून 'तुम्ही सगळे सारखेच' असें म्हणतो. दोहोंचाहि परिणाम एकच; कागद जेथें होता तेथें राहातो. फेरफाराचेंच उदाहरण घेऊं. नोंद धरली म्हणजे तलाठी, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो संहितेच्या कलम १५० प्रमाणें चावडीवर तिची प्रसिद्धि करतो व हितसंबंधितांस सूचना देतो. मुदतींत हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या वहींत लिहून वरिष्ठांकडे निकालास जाते. 'माझी हरकत आहे' एवढेंच लिहिलेला कागद म्हणजे बियाणें नसलेली पाभर. गट क्रमांक, फेरफार क्रमांक, सूचना मिळाल्याची तारीख, हरकतीचें कारण, जोडलेले कागद व एक मागणी, इतकें एका पानांत लिहावें आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी.

तोंडी बोलतांना 'माझें काम कां करीत नाहीं?' असें न विचारतां 'साहेब, कोणता कागद कमी आहे तो लिहून देतां काय? मी आणून देतों' असें विचारावें. पहिल्या प्रश्नांत भांडण आहे, दुसऱ्यांत काम आहे. कागद कमी नसेल तर अडवणूक करणारासहि या प्रश्नापुढें फार वेळ टिकतां येत नाहीं. एवढ्यानें न भागल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वयें अधिसूचित सेवेस मुदत ठरलेली असते, व माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वयें ३० दिवसांत माहिती मागतां येते. हे उपाय शांतपणें वापरावे. त्यांचें नांव घेऊन दरडावीत सुटूं नये. ज्यास आपला हक्क ठाऊक आहे त्यास आवाज चढविण्याची गरज नसते.

लिहिलेला शब्द

आजकाल गांवोगांव मोबाईलवर निरोपांचे समूह झाले आहेत. पाळीची वेळ, औषधाचा भाव, सभेची तारीख कळविण्यास ते फार उपयोगी. परंतु तंटा करण्यास त्यांच्याइतकी वाईट जागा दुसरी नाहीं. तेथें आवाज ऐकूं येत नाहीं, चेहरा दिसत नाहीं, आणि शंभर माणसें पाहात असल्यामुळें कोणासच माघार घेतां येत नाहीं. म्हणून माहिती समूहावर द्यावी, तक्रार समक्ष सांगावी, व ठरलेली गोष्ट मात्र कागदावर लिहून दोघांनीं सही करावी.

बोलणें कोठें थांबवावें

सर्वच प्रसंग शब्दांनीं सुटतात असा आमचा दावा नाहीं. समोरचा दारूच्या अंमलाखालीं असेल, हातांत कोयता असेल, किंवा जिवाची धमकी देत असेल, तर तेथून निघून यावें व पोलिसांकडे जावें. तेथें गोडीनें बोलत राहाणें शहाणपणाचें नव्हे. त्याचप्रमाणें दोनदां नीट सांगून व मुदत देऊनहि शेजारी हालत नसेल, तर कायद्याची वाट धरण्यांत कमीपणा नाहीं. परंतु ती वाट धरल्यावरहि बांधावर भेट झाली तर 'राम राम' टाकूं नये. दावा जमिनीचा असतो. जमीन दोघांची नाहीं, पण शीव एकच असते, आणि आग लागली किंवा विहिरींत गुरूं पडलें तर पहिला धांवून येणारा तोच शेजारी असतो.

शेवटीं एकच सुचवितों. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वीं प्रत्येक सभासदानें अहवाल वाचून आपला एक प्रश्न एका वाक्यांत लिहून आणावा. प्रत्येक संचालकानें त्या प्रश्नास एक सरळ उत्तर लिहून आणावें. एवढी मशागत एक वर्ष झाली तरी सभेचें पीक कसें बदलतें तें वाचकांनीं स्वतःच पाहावें.